धुरींच्या मेळाव्यातल्या करंज्या

सुगंधा धुरी टेलिफोन खात्यात लागली तेव्हा तिची वेणी कंबरेपर्यंत होती. ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम. कानाला यंत्र लावून दिवसभर बसायचं आणि परगावची माणसं एकमेकांना जोडून द्यायची. त्या नोकरीत तिनं सगळं ऐकलं. बाप वारल्याचं कळवता कळवता जमिनीच्या वाटणीचं विचारून घेणारे ऐकले, बायकोला ‘साहेबानं थांबवलंय’ असं सांगून लगेच दुसरा नंबर मागणारे ऐकले, आणि ‘तुझी फार आठवण येते’ असं एकाच दुपारी दोन गावांत सांगणारा एक जणही ऐकला. पुढे ट्रंक कॉल बंद पडले, वेणी गेली, नोकरीही संपली. पण कोणी जरा गोड बोलायला लागलं की तिचा वरचा ओठ डाव्या बाजूनं किंचित वर जायचा, तो जायचाच. चारकोपच्या त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी तिच्या दारावरून जाताना पाय उचलून चालायचा, तो त्या ओठाला भिऊन.

नवऱ्याला, म्हणजे नंदकुमारला, त्या ओठाची सवय झाली होती. सगळे त्याला नंदू म्हणत. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, गोरागोमटा, भांग नीट पाडलेला माणूस. स्वभावानं वाईट मुळीच नाही. पण स्वतःच्या हातानं पाण्याचा पेला भरून घेतला तरी ‘मी घेतलं हं’ असं आतून ओरडून सांगणारा. सुगंधाला वाटे, यानं जन्मात दुसरं काही केलं नाही, नुसतं घेतलं आणि सांगितलं.

धुरी मूळ कुडाळकडचे. नंदूचे वडील गिरणीत लागले म्हणून घर मुंबईत आलं, आणि गिरणी गेल्यावर पोरं मिळेल तिथं पांगली. कोणी अंधेरीला, कोणी सांताक्रूझला, कोणी मुलुंडला. गणपतीत निम्मे गावी असत, दिवाळीत ज्याची त्याची गडबड. म्हणून नाताळच्या सुट्टीत सगळ्यांनी एकत्र यायचं अशी रीत पडली. नंदूची थोरली बहीण शकु अंधेरीला राहायची, तिच्या सोसायटीच्या हॉलमध्ये हा मेळावा भरे. प्रत्येक घरानं काहीतरी करून आणायचं. नाताळच्या सुमाराला बाजारात मटार कोवळा आणि गोड येतो, म्हणून सुगंधाच्या सासूबाई मटारच्या करंज्या करत. त्या गेल्यावर ते काम आपोआप सुगंधाकडे आलं. कोणी सांगितलं नाही, कोणी विचारलंही नाही.

इतर घरं काय आणत ते सुगंधा दरवर्षी बघत असे. सांताक्रूझची पुतणसून दुकानातला ढोकळा घरच्या स्टीलच्या डब्यात भरून आणायची आणि वरची कोथिंबीर तेवढी स्वतः चिरायची. मुलुंडहून सुगंधाचा स्वतःचा मुलगा हर्षद आणि सून श्रुतिका येत, ते केक आणत. केकवर ‘धुरी फॅमिली’ असं लिहिलेलं असे. सुगंधा मात्र आदल्या दिवसापासून ओट्याशी उभी. मटार ठेचायचा, नारळ खवायचा, पीठ घट्ट भिजवून खलबत्त्यात कुटायचं, पारी कागदासारखी लाटायची, आणि कातणं न फिरवता काठाला बोटांनी मुरड घालायची. वन्संच्या हॉलमध्ये ताट टेबलावर आलं की दहा मिनिटांत रिकामं. आणि मग शकुवन्सं बोटं पुसत म्हणत, “बऱ्या झाल्यात. पण आयेची सर नाय.” हे त्या चौथ्या करंजीनंतर म्हणत.

गेल्या डिसेंबरात सुगंधा पडली. सोसायटीच्या फाटकापाशी नव्या गुळगुळीत फरशा बसवल्या होत्या, त्यावर सकाळी पाणी मारलेलं. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. दुखलं खूप, पण घरी येऊन पलंगावर टेकल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो असा, की यंदा करंज्या नाहीत. बसू देत सगळे ढोकळा खात. कळेल तरी. हा विचार तिला एवढा सुखाचा वाटला की दोन दिवस ती कोणावर खेकसली नाही.

तिसऱ्या दिवशी नंदूनं घरच्या ग्रुपवर लिहून टाकलं की यंदाच्या करंज्या तो स्वतः करणार आहे. सुगंधा तेव्हा डाव्या हातानं केस विंचरायचा प्रयत्न करत होती. फोन वाजायला लागला तो थांबेना. टाळ्यांची चित्रं, दंडाच्या बेटकुळ्या, स्वयंपाक्याच्या टोप्या. ती पडली त्या दिवशी याच ग्रुपवर तिला जोडलेले हात आले होते, आणि एकानं चुकून वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. शकुवन्संचा मुलगा केयूर, जो मेळाव्यात नेहमी माइक हातात घेऊन फिरायचा, त्यानं लिहिलं, “नंदूमामा, झकास. यंदाचे हिरो तुम्हीच.” श्रुतिकानं तर मुलुंडहून व्हिडिओ कॉलच केला. बाबा, तुम्ही किती गोड आहात, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मागं उभ्या असलेल्या सुगंधाला ती “आई, हात कसा आहे?” एवढं विचारून परत बाबांकडे वळली.

मग तयारी सुरू झाली. नंदूनं पिठासाठी वजनकाटा आणला. ‘शेफ’ असं छापलेला एप्रन मागवला. सकाळ-संध्याकाळ चष्मा लावून फोनवर करंज्या करण्याचे व्हिडिओ बघू लागला, आणि बघता बघता मान डोलवून ‘हां, हां, असं आहे होय’ म्हणू लागला. ज्या घरात तीसेक वर्षं करंज्या होत होत्या तिथला माणूस करंजी कशी करतात ते इंदूरच्या कुठल्याशा बाईकडून शिकत होता. सुगंधा पलीकडच्या खुर्चीवर बसलेली. तिला त्यानं एकदाही विचारलं नाही. तिनं एकदाही सांगितलं नाही.

खरं काम मात्र करायचं ते दुसऱ्यांनीच केलं. शेजारच्या दारात राधा वानखेडे राहायची. अकोल्याकडची, पालिकेच्या दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. सुगंधाला जगात जी थोडकी माणसं चालत त्यांत ती एक होती, कारण राधा गोड बोलत नसे. मेळाव्याच्या दिवशी सकाळीच ती आली, पदर खोचला, नारळ खवून दिला, पीठ भिजवलं आणि खलबत्त्यात घालून असं कुटलं की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारून गेले. मटार सुगंधानं डाव्या हातानं सोलला होता. आलं-मिरचीही राधानंच वाटली. नंदू एप्रनच्या गाठीशी झटत होता.

श्रुतिका आणि हर्षद आले तेव्हा सगळं हाताशी तयार होतं. श्रुतिकानं फोन तिवईवर लावला आणि बाबांना पिठाच्या गोळ्यावर हात ठेवून उभं राहायला सांगितलं. “बाबा, जरा पीठ असं वर उडवा ना,” ती म्हणाली. नंदूनं उडवलं. ते सुगंधाच्या प्लास्टरवर पडलं. राधा नळाशी हात धूत होती, म्हणून ती चित्रात आली नाही.

सारण परतणं नंदूला जमलं. वासही बरा सुटला. पण कढई खाली उतरवल्या उतरवल्या त्यानं ते चमच्यानं उचललं आणि पारीवर घातलं. त्यातून वाफा निघत होत्या. टेबलाशी शेजारी येऊन बसलेल्या राधानं सुगंधाकडे पाहिलं. गरम सारणाचं काय होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. पारी आतून भिजते, काठ सुटतात, आणि करंजी तेलात गेल्यावर उकलते. राधानं तोंड उघडलं. सुगंधानं टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला. राधानं तोंड मिटलं.

“मी येते नंतर,” ती म्हणाली आणि निघून गेली.

सुगंधा बसून राहिली. पहिल्या घाण्यातल्या दोन करंज्या फुटल्या. तेलात मटार तडतडायला लागला, जळका वास आला, हर्षदनं खिडकी उघडली. नंदूच्या कपाळावर घाम. त्यानं गॅस मोठा केला, म्हणजे लवकर होतील. तशा झाल्याही. वरून तांबूस, काही काळपट, आतून पांढऱ्या. काठांचे दात पडलेले. निम्म्यांत सारण एवढं थोडं की हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजेल. श्रुतिका ताटाचा फोटो काढत म्हणाली, “एकदम रस्टिक लूक आलाय.” सुगंधाला तो शब्द कळला नाही, पण ज्या चेहऱ्यानं तो उच्चारला तो कळला. ती मनात म्हणाली, घेऊन जा. असंच ताट घेऊन जा आणि ठेवा त्या टेबलावर. ठेवा वन्संच्या पुढ्यात. आज एकदाचा हिशेब लागेल.

हॉलमध्ये ताट ठेवलं तेव्हा लोक उठून जवळ आले. तसे ते कधी येत नसत. नंदू एप्रन घालूनच आला होता. एकेकानं करंजी उचलली, आणि सुगंधा भिंतीपाशी खुर्चीवर बसून एकेकाचं तोंड बघू लागली. सांताक्रूझच्या पुतणसुनेचं तोंड चावता चावता थबकलं. कच्चं पीठ टाळ्याला चिकटलं असणार. केयूरनं अर्धी खाऊन उरलेली कागदी रुमालात गुंडाळली. कोणाच्या हनुवटीवर तेल ओघळलं. आता, सुगंधाला वाटलं. आता कोणीतरी बोलेल.

“वा, मामा,” केयूर म्हणाला. “कमाल केलीत.”

मग सगळेच बोलायला लागले. पुरुषाच्या हाताला वेगळीच चव असते. मनापासून केलं की उतरतं. आमच्याकडच्या यांना तर चहासुद्धा येत नाही. जिनं घास गिळायला पाण्याचे दोन पेले घेतले तिनंच नंदूकडे कृती मागितली. सुगंधाला त्या माणसांचा राग आला नाही. राग यायला समोरच्याला थोडी किंमत द्यावी लागते. तिला ती सगळी मंडळी एकाएकी फार लहान दिसायला लागली. त्यांचे नवे कपडे, ते फोन, तो केक, आणि मध्ये एप्रन घालून उभा असलेला तिचा नवरा, ज्याचा चेहरा ट्यूबलाइटखाली चकाकत होता.

आणि तेवढ्यात शकुवन्सं. त्या ऐंशीच्या घरात आलेल्या, दातांची कवळी पर्समध्ये ठेवलेली. त्यांनी करंजीचा तुकडा तोंडात बराच वेळ घोळवला. डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

“नंदू,” त्या म्हणाल्या, “आयेच्या हाताची चव इली रे.”

कोणीतरी हुंदका दिला. सासूबाईंच्या शेजारी उभं राहून ती करंजी शिकली होती. सासूबाई मुरड उसवायच्या आणि पुन्हा घाल म्हणायच्या. शेवटच्या आजारपणात त्यांना गिळता येत नव्हतं, तेव्हा सुगंधानं केलेलं सारण त्या बोटाला लावून नुसतं चाटत, आणि मान हलवत. त्या खोलीत तेव्हा शकुवन्सं नव्हत्या. नंदूही नव्हता.

केयूरनं माइक घेतला. नंदूमामाला शाल दिली, नारळ दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तो म्हणाला की आता मामींनी दोन शब्द बोलावेत, अशा नवऱ्याबद्दल. माइक तिच्यापुढे आला. तिनं तो डाव्या हातात धरला.

“करंज्या कच्च्या आहेत,” सुगंधा म्हणाली. “तेल प्यायल्यात. तुम्हा सगळ्यांना ते कळलंय, आणि तुम्ही खोटं बोलताय.”

मग केयूर हसला. त्याच्या मागून हॉल हसला. मामी म्हणजे मामी, असं कोणीतरी म्हणालं, आणि श्रुतिका हसता हसता डोळे पुसत म्हणाली की आईंकडून जळल्याचा वास येतोय. पुन्हा टाळ्या झाल्या, या तिच्यासाठी. तिनं माइक परत दिला आणि जाऊन खुर्चीत बसली. आयुष्यात एवढ्या लोकांसमोर ती एकदाच खरं बोलली होती, आणि त्याचा त्यांनी विनोद केला.

हर्षद आणि श्रुतिका तिकडूनच मुलुंडला गेले. हे दोघं टॅक्सीत बसले. नंदूनं शाल घडी करून मांडीवर ठेवली होती, नारळ पायांत. जोगेश्वरी येईपर्यंत तो शालीचे गोंडे सारखे करत होता.

“सारण गरम होतं ते तुला दिसत होतं ना?” त्यानं विचारलं.

“दिसत होतं.”

“राधाबाईंनाही?”

“तिला मी गप्प बसवलं.”

नंदूनं मान हलवली. त्याच्याही दुसऱ्याच घाण्याला लक्षात आलं होतं, तो म्हणाला. पण श्रुतिकाचा व्हिडिओ चालू होता, मध्येच थांबून काय सांगणार. आणि हॉलमध्ये पहिला घास घेतल्यावर त्याला लोकांच्या तोंडावरून कळलं होतं. वन्संचं रडणंही त्याला खरं वाटलं नव्हतं, त्या हल्ली मालिका बघूनही रडतात. हे सगळं तो खिडकीबाहेर बघत, हळू आवाजात सांगत होता. सुगंधाचा ओठ वर जायला लागला होता, तो मध्येच थांबला. हा माणूस मूर्ख आहे, एवढं धरून ती इतकी वर्षं राहिली होती. त्याला कळतं आणि कळूनही तो शाल घेतो, हे तिला नवं होतं, आणि मूर्खपणापेक्षा वाईट होतं.

“पण टाळ्या वाजवल्या ना,” नंदू म्हणाला, “बरं वाटलं. खोट्या आहेत हे माहीत असून.”

“आणि माझ्या करंज्या चांगल्या व्हायच्या तेव्हा तुम्ही का नाही वाजवल्यात?”

त्यानं खरोखर विचार केला. गोरेगावचा सिग्नल सुटला, टॅक्सी पुढे निघाली, तरी तो विचार करत होता.

“तुझ्या होणारच, असं वाटायचं,” तो म्हणाला.

ट्रंक कॉलवर तिनं अनेक निर्लज्ज वाक्यं ऐकली होती. हे त्यांत बसत नव्हतं, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं. तिनं मान वळवली आणि कांदिवलीपर्यंत आपल्या बाजूच्या काचेतून बाहेर बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी राधानं तिला एवढंच विचारलं की लोक काय म्हणाले. सुगंधानं सांगितलं. राधा म्हणाली, “मग माझा पाय कशाला दाबलास गं? नुसता मटार वाया घालवला.” आणि ती भाजी चिरायला बसली.

प्लास्टर निघालं. मनगट बरेच दिवस आखडलेलं राहिलं, मग सुटलं. वर्ष फिरून डिसेंबर आला. शकुवन्संचा फोन नंदूलाच आला, आणि केयूरनं ग्रुपवर शेफ नंदूमामा येत आहेत असं टाकलं. सुगंधाच्या हाताचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. नंदू फोन हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

“करा ना,” ती म्हणाली. “तुमच्याच आहेत आता.”

या वेळी त्यानं विचारलं. सारण किती वेळ गार करायचं, आच केवढी ठेवायची, मुरड कशी घालतात. त्यानं जेवढं विचारलं तेवढ्याचं तिनं उत्तर दिलं. जे विचारलं नाही ते सांगितलं नाही. नारळ त्याचा त्यानं खवला आणि बोट कापून घेतलं. पीठ कुटून त्याचा खांदा धरला. करंज्या ठीकठाक झाल्या. एकही फुटली नाही. काठ वाकडे होते, पण आतून शिजलेल्या. त्यानं ओळीनं डब्यात भरल्या, आणि या खेपेला एप्रन घरीच काढून ठेवला.

मेळाव्याला ती गेली नाही. थंडीत मनगट ठणकतं असं सांगितलं. ठणकत नव्हतं. नंदूनं एकदा आग्रह केला, मग डबा उचलून गेला.

दुपार होती. ओट्यावर वाटीभर सारण उरलं होतं आणि ओल्या फडक्याखाली पिठाचा एक गोळा. सुगंधा थोडा वेळ बाहेरच्या खोलीत बसली, मग उठली. लहान लाट्या केल्या, पारी लाटली, सारण भरलं, काठाला पाण्याचं बोट लावून मुरड घातली. बोटं विसरली नव्हती. मंद आचेवर कढई ठेवली आणि करंजी सोडली. ती तळाशी बसली, बुडबुडे आले, हळूहळू वर आली. एकच. मग दुसरी.

तळल्या तळल्या करंजी तिनं कधी खाल्ली नव्हती. मोजून डब्यात जायच्या, आणि हॉलमध्ये सगळ्यांचं झालं की तळाशी उरलेला तुकडा, गार, तिच्या वाट्याला यायचा. आज ती ओट्याशीच उभी राहिली. फुंकर मारली आणि चावली. पारी खुसखुशीत होती. मटार, मिरची, खोबरं, लिंबाचा जरासा आंबटपणा. चांगली होती. सुगंधा चावत राहिली आणि आणखी काहीतरी लागेल म्हणून थांबली. आणखी काही नव्हतं. मैद्याच्या पारीत मटार होता. यावरून वन्सं रडल्या होत्या. या करंजीपायी तिनं आयुष्यातले इतके डिसेंबर ओट्याशी काढले होते, आणि एक शब्द ऐकायची वाट बघितली होती, तीही अशा माणसांच्या तोंडून, की ज्यांना ती फोनवरसुद्धा दोन मिनिटांवर सहन करू शकत नव्हती.

“एवढंच होय,” ती मोठ्यानं म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

डायनिंग टेबलावर फोन वाजला. मग वाजतच राहिला. अंधेरीला ताट टेबलावर आलं असणार. बोटं तेलकट होती, म्हणून ती तिकडे गेली नाही. तिनं दुसरी करंजी खाल्ली आणि उरलेल्या सारणाची तिसरी भरायला घेतली.